लिफाफे तीन, हात एक!

वर्तमानपत्र हाती आले की आमचे वाचक प्रथम मोठ्या बातम्या पाहतात, मग बाजारभाव पाहतात, मग गावात कोण वारले ते पाहतात. आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात 'जाहीर निविदा सूचना' छापलेली असते. तिच्यावर मात्र कोणाची नजर ठरत नाही. अमुक प्रभागातील गटारांचे बांधकाम, अमुक शाळांस बाके पुरविणे, अमुक लक्ष रुपये अंदाजपत्रकी रक्कम, अमुक तारखेपर्यंत मुदत, असा तो कोरडा मजकूर. परंतु गावच्या कारभाराचे खरे राजकारण याच कोरड्या मजकुरात असते. सभागृहातील भाषणांनी रस्ता होत नाही. रस्ता ठेक्याने होतो. तो ठेका कोणास, कोणत्या दराने व कोणत्या कारणास्तव दिला गेला हे ज्या गावच्या लोकांस ठाऊक नसते, त्या गावास नगरपालिका आहे पण स्वराज्य नाही, असे म्हणावयास आम्हास मुळीच संकोच वाटत नाही.

मध्यंतरी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. सुतारकामाचा लहानसा कारखाना, पाच-सहा कारागीर, आणि तीस वर्षांत कोणाचा एक पैसा बुडविला नाही अशी बाजारात पत. एका स्थानिक संस्थेने शाळांच्या बाकांसाठी निविदा मागविल्या होत्या. लाकूड-लोखंडाचे भाव यांस तोंडपाठ. त्यांनी हिशेब मांडला, दर ठरविला, अनामत रकमेची तजवीज केली. मुदतीच्या आदल्या सायंकाळी त्यांस निरोप आला की, या खेपेस आपण भरू नये, पुढल्या खेपेस आपला विचार होईल. त्यांनी निविदा भरली नाही. का भरली नाही, असे आम्ही विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, भरली असती तर मिळाली नसती, आणि मिळाली असती तर बिल निघाले नसते." या गृहस्थांच्या घरी चोरी झाली असती तर ते पोलीसचौकीत गेले असते. येथे त्यांचा हक्क गेला, मुलांची बाके गेली आणि करदात्यांचा पैसा गेला. परंतु कोठे फिर्याद झाली नाही, कारण जे घडले त्यास कोणी चोरी म्हणतच नाही!

जाहीर निविदेचे तत्त्व काही काल-परवा उगवलेले नव्हे. आपल्याच प्रांतातील लोकांनी ते अनुभवाने मिळविलेले आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराची कार्यकारी सत्ता एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती एकवटली. त्या जागी आर्थर क्रॉफर्ड हे आले. गृहस्थ कर्तबगार, ज्या मंडईस पुढे त्यांचे नाव मिळाले ती त्यांच्याच अमदानीतील, आणि शहराच्या स्वच्छतेविषयी त्यांनी केलेले काम त्यांच्या टीकाकारांसही नाकारता आले नाही. परंतु खर्चास लगाम राहिला नाही, म्युनिसिपालिटी पैशाच्या अडचणीत सापडली, आणि १८७१ साली करदाते खवळून उठले. त्या गलबल्यात फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टराने लोकांस न रुचणारी एक गोष्ट सभेत सांगितली. तिचा इत्यर्थ असा की, एकट्या क्रॉफर्ड साहेबांस घालवून भागणार नाही. ज्या जस्टिस मंडळीने देखरेख ठेवावयाची ती मंडळीच करदात्यांस जबाबदार नाही हे दुखण्याचे मूळ आहे, आणि लोकांनी निवडलेले सभासद हाच त्यावर उपाय आहे. लोकांनी त्या वेळी त्यांची हुर्यो केली. पण पुढल्याच वर्षी, १८७२ साली, चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली व त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले.

पुढे १८८८ साली मुंबईचा म्युनिसिपल कायदा झाला. मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांची त्याच्या घडणीत मोठी मेहनत आहे. त्या कायद्यात ठेक्यांसंबंधी तीन गोष्टी घालून दिल्या. ठराविक रकमेवरील काम द्यावयाचे तर निदान सात दिवस आधी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवाव्या. निविदा न मागविता काम द्यावयाचे झाल्यास स्थायी समितीने त्याची कारणे आपल्या कार्यवृत्तात नमूद करावी. आणि ज्याचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत ठेक्यात हितसंबंध असेल त्यास सभासद होता येऊ नये. म्हणजे सर्वांस समान संधी, निर्णयास लेखी कारण, आणि देणारा व घेणारा यांत अंतर! शंभराहून अधिक वर्षे लोटली, स्वराज्य आले, १९९२ च्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस घटनेत स्थान मिळाले. परंतु या तीन गोष्टींहून मोठे असे चौथे तत्त्व कोणास सुचलेले नाही. उणीव तत्त्वांची नसून ती पाळण्याची आहे.

कोणी म्हणेल, चढाओढ लावून दिली म्हणजे झाले. बाकीचे बाजार पाहून घेईल. अशा मंडळींनी दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीकडे एकवार दृष्टी टाकावी. त्या काळी महाल इजाऱ्याने देण्याची चाल बोकाळली. जो अधिक बोली बोलेल त्यास महाल मिळे. चढाओढ तर होतीच, आणि ती मोठी कडाक्याची होती! परंतु इजारदाराने रयतेकडून किती व कोणत्या रीतीने उकळले याचा झाडा घेणारे कोणी उरले नव्हते. नाना फडणविसांच्या वेळचा दफ्तराचा दरारा नाहीसा झाला होता. परिणामी रयत नागवली, गावे ओस पडली आणि राज्याची मुळे सैल झाली. तात्पर्य, जाबाविना चढाओढ म्हणजे इजारा, आणि चढाओढीविना जाब म्हणजे घरातल्या घरात केलेला हिशेब. लोकांच्या पैशास दोन्ही पहारेकरी पाहिजेत.

आता आजची स्थिती पाहू. आज निविदेवाचून ठेका उघडपणे देण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. जाहिरात निघते, लिफाफे येतात, तक्ता तयार होतो, खाली सह्या होतात. नियम पाळल्याची सर्व चिन्हे जागच्या जागी असतात. फक्त नियमाचा प्राण गेलेला असतो. तीन लिफाफे येतात, पण ते तिन्ही एकाच हाताने भरलेले! ठेकेदारांच्या बाजारात यास 'रिंग' म्हणतात. कोणाचा दर सर्वांत कमी राहावयाचा हे आधीच ठरते. उरलेले दोघे नावापुरते दर भरतात, आणि पुढल्या खेपेस पाळी बदलते.

ही आमची कल्पना नव्हे. पुणे महानगरपालिकेने शहरातील कचऱ्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारण्यासाठी व चालविण्यासाठी २०१४ च्या सुमारास निविदा मागविल्या होत्या. त्यांत संगनमत झाल्याची तक्रार नागरिक चेतना मंच या पुण्यातील संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली. चौकशी झाली, आणि मे २०१८ मध्ये आयोगाने निर्णय दिला की, निविदा भरणाऱ्या पेढ्यांनी आपसांत संगनमत केले होते. निविदेस पुरेसे स्पर्धक दिसावेत एवढ्यासाठी नावापुरत्या निविदा भरल्या गेल्या होत्या. आयोगाने दंड केले. ज्यांनी चौकशीच्या कामी माहिती देऊन साह्य केले त्यांतील काहींस दंडात सूटही मिळाली. या प्रकरणातून आमच्या वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, हे सारे संगणकावरील निविदांच्या काळात घडले. संगणक लिफाफा वेळेवर उघडतो, पण तो भरणारा हात त्यास दिसत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे उघडकीस आणण्याकरिता प्रथम पाऊल उचलले ते नागरिकांच्या एका संस्थेने! ज्यांच्या घरचा कचरा, त्यांनीच कचऱ्याच्या ठेक्याचा कागद वाचला.

असे संगनमत हा केवळ नीतीचा प्रश्न आहे असे समजणाऱ्यांस कायद्याची आठवण देणे अवश्य आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात निविदांतील संगनमतास स्पष्ट नाव देऊन मनाई केलेली आहे, आणि त्याची ही कलमे मे २००९ पासून अमलात आहेत. असा करार सिद्ध झाला की त्याने स्पर्धेची हानी झाली असे कायदा गृहीतच धरतो. हानी झाली नाही हे दाखविण्याचा भार करणाऱ्यावर पडतो. तेव्हा 'मित्राच्या आग्रहास्तव एक कागद भरून दिला' ही सबब न्यायासनापुढे टिकणारी नाही.

रिंग हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार कामाचे तुकडे पाडण्याचा. एक सलग रस्ता कागदावर पाच रस्ते होतो, कारण तुकड्याची रक्कम निविदेच्या मर्यादेखाली राहिली म्हणजे कोटेशनावर काम भागते. तिसरा प्रकार अटींचा. यंत्र अमुक मापाचेच पाहिजे, अनुभव अमुक प्रकारचाच पाहिजे, कारखाना अमुक अंतराच्या आतच पाहिजे, अशा अटी घालावयाच्या की अंगरखा शिवला तो एकाच्याच अंगास बसावा. चौथा प्रकार काम दिल्यानंतरचा, आणि तो सर्वांत सोयीचा. ठेका कमी दरात घ्यावयाचा आणि मग 'वाढीव काम', 'मुदतवाढ', 'बदललेले परिमाण' या नावांखाली पाहिजे तेवढे वसूल करावयाचे. निविदेच्या दिवशी जो सर्वांत स्वस्त होता तो शेवटच्या बिलाच्या दिवशी सर्वांत महाग ठरतो. परंतु त्या दिवशी तक्ता मांडून तुलना करणारे कोणी नसते.

कमी दराचा हा मोह कसा फसवा आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांस दोन ओळींत पटेल. समजा, कामाचा वाजवी अंदाज शंभर रुपये आहे आणि ठेकेदाराने ते सत्तर रुपयांत घेतले. सभागृहात टाळ्या पडल्या की, तीस रुपये वाचले! आता या सत्तरांतून दहा रुपये 'टक्केवारी'त गेले आणि दहा रुपये त्याने नफा म्हणून ठेवले, तर रस्त्यावर पन्नास रुपयेच उरले. शंभराचा रस्ता पन्नासांत होत नाही. पन्नासांत रस्त्याचे सोंग होते, आणि ते पहिल्या पावसात गळून पडते. मग त्याच रस्त्याची नवी निविदा! वाणी जर तराजूत पासंग ठेवू लागला तर गिऱ्हाईक दुकान बदलते. नगरपालिकेच्या गिऱ्हाइकास दुकान बदलता येत नाही. त्याने पासंग पकडलाच पाहिजे.

येथे काही अनुभवी अधिकारी असा आक्षेप घेतात की, निविदा, छाननी, हरकती यांत महिने जातात, आणि साथ आली किंवा पूर आला म्हणजे लोक उपाशी बसून नियम मोजीत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे, आणि आम्ही तो झिडकारीत नाही. संकटकाळी तत्काळ खरेदी करावीच लागते. परंतु १८८८ च्या कायद्याने हीच अडचण ओळखून वाट ठेवली होती की, कारणे लिहा आणि करा. घाई हे निविदा टाळण्यास कारण होऊ शकेल. कारण न लिहिण्यास घाई हे कारण होऊ शकत नाही. शिवाय दरवर्षी जूनमध्ये पाऊस येतो हे ज्या कचेरीस मे महिन्याच्या अखेरीस आठवते व मग नाले साफ करण्यासाठी 'तातडी' उत्पन्न होते, त्या कचेरीच्या तातडीवर आमचा विश्वास नाही.

दुसरे कोणी म्हणतात, न्यायालये आहेत की! आम्ही स्वतः कायद्याचे अभ्यासक असल्याने न्यायालयांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या मर्यादा सांगणे आम्हास भाग आहे. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली मोठा सिद्धांत घालून दिला की, सरकारी संस्थेने निविदेत ज्या अटी स्वतः घातल्या त्या तिने स्वतःही पाळल्याच पाहिजेत. मर्जीप्रमाणे त्या कोणास सोडता येत नाहीत. परंतु त्या दाव्यात तक्रारदारास प्रत्यक्ष दाद मिळाली नाही. तक्रारीस उशीर झाला होता आणि दरम्यान ठेकेदाराने पैसा घालून काम चालू केले होते. तत्त्व जिंकले, ठेका मात्र जेथल्या तेथे राहिला! १९९४ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, निर्णय कोणत्या रीतीने झाला एवढेच न्यायालय तपासील. स्वतः निविदांची निवड करीत बसणार नाही. २००६ साली मेरठच्या नगर निगमाच्या एका प्रकरणात, जाहीर लिलाव अथवा निविदा हाच नियम आणि खासगी वाटाघाट हा विरळा अपवाद, हेही सांगून झाले. यापरते न्यायालयाने काय करावे? न्यायाधीश गावात येऊन डांबराची जाडी मोजणार नाहीत. ती मोजणे गावाचेच काम आहे.

ते काम कसे करावे याचा धडा आपल्याच देशातील खेडवळ लोकांनी घालून दिला आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. तिची रीत अगदी साधी होती. सार्वजनिक कामांची बिले, हजेरीपट, खर्चाचे कागद गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचावयाचे आणि विचारावयाचे की, हे काम झाले काय? हा माणूस कामावर होता काय? कागदावर जे अनेक वर्षे बिनबोभाट चालले होते ते गावाच्या तोंडापुढे चार घटका टिकले नाही. याच चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर वाढली. महाराष्ट्राने २००२ साली आपला कायदा केला व २००५ साली साऱ्या देशाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कचेऱ्यांनी आपल्या कारभाराची माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावयाची आहे. राजस्थानातील अर्धशिक्षित मजुरांनी जे करून दाखविले ते आमच्या शहरांतील पदवीधर वकील, डॉक्टर व पेढीवाले यांच्याने होऊ नये, ही गोष्ट आम्हास लाजिरवाणी वाटते.

या जागरूकतेची निकड अलीकडे अधिकच पटली आहे. मुंबई-पुण्यासह राज्यातील अनेक महानगरपालिकांची मुदत २०२२ साली संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणुकांवाचून प्रशासकांनी कारभार पाहिला. जो प्रस्ताव मांडणार तोच मंजुरी देणार, असा प्रकार त्या काळात झाला. त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीविषयी आम्हास येथे काही म्हणावयाचे नाही. क्रॉफर्ड साहेबांच्या वेळी जो प्रश्न होता तोच हा प्रश्न आहे: उत्तम मनुष्याच्या हाती दिलेली बेजबाबदार सत्ता ही बेजबाबदारच राहते. आणि उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे की, निवडून आलेले सभासद स्थायी समितीत बसून केवळ माना डोलावीत असतील, तर त्यांच्या असण्याने प्रशासकाच्या एका सहीऐवजी पुष्कळ सह्या होतात, एवढाच फरक!

आता दोन शब्द आमच्या व्यापारी व ठेकेदार बंधूंशी. ठेकेदार हा शब्द अलीकडे शिवीसारखा वापरला जातो. आम्ही तसा वापरीत नाही. महात्मा जोतीराव फुले हे स्वतः सरकारी बांधकामाचे ठेके घेत. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा निकट संबंध होता. सार्वजनिक बांधकामांत कारकुनांपासून इंजिनियरांपर्यंत पैसा कसा झिरपतो हे त्यांनी आतून पाहिले, आणि ते झाकून न ठेवता त्यावर लिहिले. तेच जोतीराव १८७६ ते १८८३ पर्यंत पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या स्वागतानिमित्त शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधाचे मत त्यांचे एकट्याचे पडले. हजार रुपये ही म्युनिसिपालिटीच्या दृष्टीने काही फार मोठी रक्कम नव्हती. परंतु ती आपली नसून लोकांची आहे, ही जाणीव मोठी होती. ठेकेदार आणि सभासद या दोन्ही नात्यांनी मनुष्य स्वच्छ राहू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

म्हणून आमच्या बंधूंस आमचे स्पष्ट सांगणे आहे की, आधाराची निविदा भरून देऊ नका. आज मित्रासाठी जो खोटा दर तुम्ही भराल तोच उद्या तुमच्या मुलाच्या धंद्याचा दरवाजा बंद करील. एकट्याने उभे राहण्यास भीती वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांचे बिल अडते त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु याकरिताच तर व्यापारी मंडळे आहेत! मंडळाने निविदांच्या सूचना आपल्या फळ्यावर लावाव्या, अन्यायकारक अटींवर मुदतीपूर्वीच मंडळाच्या नावाने लेखी हरकत घ्यावी, आणि ज्या सभासदाचे बिल सूडाने अडविले जाईल त्याच्या पाठीशी उभे राहावे. उपर्युक्त सुतार गृहस्थांच्या मागे त्या सायंकाळी एक मंडळ उभे असते, तर त्या निरोपास उत्तर देण्याचे धैर्य त्यांस झाले असते.

नगरपालिकेकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांस खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, निविदा भरणारांची नावे व दर, निवडीचे कारण, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेचा उतारा हे पाच कागद एके ठिकाणी, मराठीत व विनाअर्ज पाहावयास मिळावे. वाढीव कामास व मुदतवाढीस मूळ निविदेइतकीच प्रसिद्धी द्यावी. वर्षातून दोन वेळा प्रभागातील कामांची बिले प्रभागसभेत वाचून दाखवावी, आणि शेवटचे बिल देण्यापूर्वी त्या गल्लीतील दोन रहिवाशांनी काम पाहून लेखी शेरा द्यावा. लेखापरीक्षकांच्या आक्षेपांस ठराविक मुदतीत उत्तर मिळावे. १९३० पासून स्थानिक निधीच्या तपासणीचा कायदा या प्रांतात आहे, तो धूळ खाण्यासाठी केलेला नाही. दोष सिद्ध झालेल्या ठेकेदारास काळ्या यादीत टाकाच. पण ज्या अधिकाऱ्याने न झालेले काम मोजले त्याचे नावही त्याच यादीत शेजारी असू द्या.

नागरिकांकडे मात्र आम्ही एकच गोष्ट मागतो. आठवड्यातून एक घटका त्या बारीक टायपासाठी द्या. आपल्या गल्लीतील एक काम निवडा, त्याचा कागद मागवा, फूटपट्टी घेऊन प्रत्यक्ष पाहा, आणि विसंगती दिसेल ती लिहून या पत्राकडे अगर नगरपालिकेकडे पाठवा. स्थानिक स्वराज्य ही स्वराज्याची शाळा आहे, असे आमच्या पूर्वीच्या पिढीचे पुढारी सांगत. हिंदी लोकांस आपला कारभार हाकता येणार नाही, असे म्हणणाऱ्या परक्या सत्तेस त्यांनी याच शाळेतून उत्तर दिले. ती परकी सत्ता १९४७ साली गेली. आता तिची जुनी शंका आपल्याच कारभाराने खरी करून दाखवावयाची काय, हा प्रश्न दिल्लीत सुटणारा नाही. तो आपल्या गटाराच्या, आपल्या शाळेच्या बाकाच्या आणि आपल्या दारापुढील रस्त्याच्या ठेक्यात सुटावयाचा आहे.